अमेरिकेतील मोटारसायकल टोळ्यांची सांकेतिक परिभाषा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
समाजाच्या परिघावरील गट स्वतःची स्वतंत्र परिभाषा घडवितात. अशी परिभाषा गुप्ततेसाठीच असते, असा सर्वसाधारण समज आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फोफावलेल्या मोटारसायकल टोळ्यांचा इतिहास या समजाला छेद देतो.

उगम :
जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर येथील मेळाव्यात गोंधळ झाला व वृत्तपत्रांनी त्यास मोठी प्रसिद्धी दिली. ‘९९ टक्के मोटारसायकलस्वार कायदा पाळणारे आहेत’, असे त्यानंतर अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने म्हटल्याची आख्यायिका आहे. संघटनेच्या दप्तरी मात्र अशा विधानाची नोंद सापडलेली नाही. उरलेल्या एक टक्क्याचे बिरुद टोळ्यांनी अभिमानाने स्वीकारले आणि ‘१%’ हे चिन्ह जाकिटावर आले. निंदेचा शब्दच येथे ओळख बनला.

स्वरूप :
पाठीवरील चिन्हांच्या संचास ‘कलर्स’ म्हणतात. त्यातील वरची कमानदार पट्टी, म्हणजे ‘टॉप रॉकर’, टोळीचे नाव सांगते. खालची ‘बॉटम रॉकर’ प्रदेश सांगते. उमेदवार हा ‘प्रॉस्पेक्ट’, पूर्ण सदस्य ‘फुल पॅच’, तर सदस्यांची सभा ‘चर्च’ होय. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या हेल्स एंजल्सच्या इंग्रजी आद्याक्षरांचे वर्णमालेतील क्रम ८ व १. त्यावरून ‘८१’ हा संकेत रूढ झाला. टोळीचे बोधचिन्ह केवळ सदस्याने धारण करावयाचे; समर्थकाच्या वाट्याला ‘८१’ येतो. हा संकेत काही लपवीत नाही, तो आतला व बाहेरचा यांतील सीमारेषा आखतो.

परिणाम :
बॉटम रॉकरवर ‘टेक्सास’ हा शब्द लावण्याचा अधिकार हे बँडिडोज व कॉसॅक्स यांच्यातील वैराचे एक प्रमुख कारण होते. १७ मे २०१५ रोजी वेको येथे झालेल्या चकमकीत ९ जण मृत्युमुखी पडले; पोलिसांनीही गोळीबार केला होता. त्यानंतर १७७ जणांना अटक झाली. अटकेसाठीच्या एकसाची प्रतिज्ञापत्रांत समान ओळखचिन्हांचा आधार घेण्यात आला होता. अखेर २०१९ मध्ये उरलेले आरोप मागे घेण्यात आले. एकालाही दोषी ठरविण्यात आले नाही.

निष्कर्ष :
सांकेतिक शब्द हे सदस्यत्वाचे व निष्ठेचे साधन होय. गुन्ह्याचा तो स्वयंसिद्ध पुरावा नव्हे. एका शब्दावरील हक्कासाठी रक्त सांडले जाऊ शकते, तसेच शब्दांच्या ढोबळ वाचनातून अनेकांचे स्वातंत्र्यही हिरावले जाऊ शकते. म्हणून अशा परिभाषेच्या अभ्यासकाने शब्दार्थाबरोबरच तो शब्द धारण करण्याचा अधिकार कोणास होता, हेही तपासणे आवश्यक ठरते.