‘करी’ ते ‘करतो’: एका धातुसाधिताचा प्रवास

ठाण्याहून भिवंडीला जाताना खाडी ओलांडली की कशेळी लागते. या वाक्यातले ‘जाताना’ हे वर्तमानकालवाचक धातुसाधित, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. ‘लागते’ हेही मुळात तेच, हे मात्र सहसा शिकवले जात नाही.

संस्कृतात हे रूप ‘शतृ’ प्रत्ययाने होई: पुल्लिंगी गच्छन्, स्त्रीलिंगी गच्छन्ती. प्राकृतात त्याचा शेवट ‘अंत’ झाला आणि मराठीपर्यंत येता येता अनुस्वार गळून ‘त’ राहिला. वाहते पाणी, धावती गाडी, हसत, बोलताना ही सगळी त्याचीच संतती. याच अर्थाचा संस्कृतातला दुसरा प्रत्यय ‘शानच्’ मात्र विद्यमान, वर्धमान अशा तत्सम शब्दांपुरता उरला.

पूर्वी वर्तमानकाळाचे काम दुसऱ्याच रूपाकडे होते. ज्ञानेश्वरीच्या (1290) मराठीत ‘करी’ म्हणजे करतो, ‘जाय’ म्हणजे जातो. तुकारामांच्या नाममुद्रेतले ‘म्हणे’ही याच जातीचे. ही रूपे संस्कृत क्रियापदांतून थेट उतरलेली, म्हणून त्यांना लिंग नाही: तोही करी, तीही करी. धातुसाधित मात्र विशेषणासारखे लिंगवचनाप्रमाणे बदलणारे. हळूहळू त्यालाच पुरुषवाचक प्रत्यय चिकटले आणि ‘मी करतो, तू करतोस, ती करते’ अशी रूपे घडली. मराठीत ‘येतो’ आणि ‘येते’ एवढ्यावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते, त्याचे कारण हेच. हिंदीने याच रूपापुढे ‘है’ सुटा ठेवला. मराठीने सगळे एका शब्दात बसवले.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 मध्ये, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहून तिच्या रूपांचा माग प्राकृतापर्यंत काढला. मराठी व्याकरणात ‘करतो’ला प्रथम ताख्यात म्हणतात, ‘पाऊस पडता तर पीक येते’ यातल्या संकेतार्थी रूपांना द्वितीय ताख्यात. नावे रुक्ष खरी, पण काळावरून नव्हे तर प्रत्ययावरून ठेवलेली, म्हणून अधिक प्रामाणिक. त्यांतला ‘त’ धातुसाधिताचाच आहे.

जागा गेली तरी ‘करी’ संपला नाही. तो भूतकाळाकडे सरकला. ‘आजी रोज पहाटे दळण दळी’ हा आता रीतिभूतकाळ, ई-आख्यात. बोलण्यात तेही काम ‘दळायची’ने घेतले असून ‘दळी’ आज बहुधा लिखाणातच भेटतो.