रंगाचे नाव आणि रंगाची ओळख

व्यावसायिक वाहनचालकाच्या वैद्यकीय तपासणीतील वर्णांधतेच्या कसोटीचे मूळ रेल्वेत आहे. स्वीडनमधील लागेर्लुंदा येथे 1875 साली आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे दगावली. उप्साला येथील प्राध्यापक होल्मग्रेन यांनी दोष इंजिनचालकाच्या वर्णांधतेस दिला. तो मृत झाल्याने हे सिद्ध होण्याजोगे नव्हते, आणि अलीकडील संशोधक त्याविषयी साशंकच आहेत. कसोटी मात्र मार्मिक होती. 1876 साली 266 रेल्वे-कर्मचाऱ्यांपुढे रंगीत लोकरीच्या लडी ठेवण्यात आल्या. रंगाचे नाव विचारावयाचे नाही, जुळत्या लडी तेवढ्या निवडावयास सांगावयाचे. कारण ‘तांबडा’, ‘हिरवा’ हे शब्द वर्णांधही सवयीने बिनचूक योजतो. त्यांत 13 वर्णांध आढळले. भारतात 1989 च्या नियमांतील प्रमाणपत्रात तांबड्या-हिरव्याचा भेद उमेदवारास कळतो काय, एवढीच पृच्छा होती. 2020 च्या दुरुस्तीने सौम्य व मध्यम वर्णांधांस परवाना खुला झाला; तेव्हापासून दोष किती, हेही डॉक्टरास ठरवावे लागते.