वाकलेली फळी आणि घासण्याची घाई

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतली जुनी बैठी घरे पाडून तिथे चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि तांडूरची फरशी, मोझॅक, व्हिट्रिफाइड टाइल्स यांच्या पाठोपाठ त्यांतल्या काही घरांत लाकडी जमीनही आली. ऑगस्ट लागला की तिच्याविषयीची तक्रार सुरू होते. फळ्यांच्या कडा वर येतात, सांधे पायाला लागतात, एखाद्या कोपऱ्यात फळ्या जागा सोडून उचलल्या जातात. यावर सुतारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे एकच निदान सांगतात: लाकूड आपल्या हवेला चालत नाही, किंवा माल कच्चा निघाला. उपायही ठरलेला. मशीन आणून घासा, वर जाड पॉलिश चढवा, उचललेल्या फळीला स्क्रू मारा. एवढ्यानेही भागले नाही तर सगळे उखडून टाइल्स बसवा. हे निदान चुकीचे आहे, आणि त्यावर बेतलेली दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान करते, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. हैदराबादेत एप्रिल-मेच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलै-ऑगस्टच्या सकाळी ती ८० टक्क्यांच्या पुढे जाते. लाकूड हवेतला ओलावा घेत-सोडत असते. ३० टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी असते, ८० टक्के आर्द्रतेत सुमारे १६ टक्के. घराच्या आत ही टोके गाठली जात नाहीत. तरी उन्हाळ्यात ७ आणि पावसाळ्यात १४ टक्के एवढा फरक धरायला हरकत नाही. तेवढ्याने १२ सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी दीड मिलिमीटरच्या आसपास रुंदावू शकते, ओकची फळी तीन मिलिमीटर. तीन मीटरच्या खोलीत अशा पंचवीस फळ्या बसतात, म्हणजे सागवानाचीही वाढ जवळपास चार सेंटिमीटर झाली. इतके हलणारे द्रव्य जमिनीला कसे चालेल, असा प्रतिपक्षाचा प्रश्न आहे.

आकडे खरे आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष निघत नाही. या आकड्यांनी लाकूड फुगते-आकसते एवढेच सिद्ध होते. ते वाकते, हे सिद्ध होत नाही. मुरलेल्या लाकडाची फळी दोन्ही अंगांनी सारखीच फुगली तर ती रुंद होईल आणि जवळजवळ सपाटच राहील. खालचे अंग ओले आणि वरचे कोरडे असेल तेव्हाच खालची बाजू रुंदावते, वरची तेवढी रुंदावत नाही, आणि कडा वर येऊन फळीची पन्हळ होते. वाकण्याचे कारण दोन अंगांमधल्या ओलाव्याच्या फरकात आहे. फळ्यांना भिंतीपाशी सरकायला जागाच ठेवली नसेल, तर वाढलेली रुंदी वर उसळते आणि जमीन उचलली जाते. ही दोन्ही कारणे घर बांधणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या हातातली आहेत. त्यांचा ठपका हवेवर ठेवता येत नाही.

अन्वय-व्यतिरेकाने हे पडताळता येते. चिक्कडपल्लीपासून थोड्याच अंतरावर, कोटीला, ब्रिटिश रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकच्या काळात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली ब्रिटिश रेसिडेन्सी उभी आहे. तिच्या दरबार हॉलमध्ये लाकडी तुकड्यांची पार्केट जमीन घातली गेली. लहान तुकडे निरनिराळ्या दिशांना लावले की प्रत्येकाची हालचाल थोडी होते आणि ती एकाच दिशेला साठत नाही. बॅडमिंटनसाठी जगभर नाव मिळवलेल्या या शहरात, इनडोअर कोर्टांच्या मॅटखाली लाकडी जमीन घालतात तेव्हा ती पट्ट्यांवर उचलून, खाली हवेला पोकळी ठेवूनच बसवतात. हवा हीच, पावसाळा हाच. फरक आहे तो बांधणीच्या विचाराचा.

मग आपल्या सदनिकांत ओल येते कुठून? पहिला संशय न्हाणीघराच्या भिंतीवर घ्यावा. नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा किंवा टाइल्समधले ग्राउट सुटले की पाणी स्लॅबवरून पलीकडच्या खोलीत, फळ्यांखाली, हळूहळू पसरते. दुसरा संशय रोजच्या ओल्या पोछ्यावर. पाणी वरून घातले तरी ते सांध्यांतून खाली उतरते. वरचा भाग पंख्याखाली तासाभरात सुकतो, खालचा सुकत नाही. तिसरा संशय नव्या स्लॅबवर. काँक्रीट दर इंचाला साधारण महिना या हिशेबाने सुकते, असा बांधकामातला ढोबळ नियम आहे. पाच इंचांच्या स्लॅबला पाच महिने लागतात. ताबा देण्याच्या घाईत ते दिले जात नाहीत. तळमजल्यावर आणखी एक कारण असते. हुसेनसागर तलावाचे जादा पाणी मुसी नदीकडे नेणारा नाला याच परिसरातून जातो. ऑगस्ट २००० आणि ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत त्याच्या काठच्या वस्त्यांना पाण्याने वेढले. अशा ठिकाणी जमिनीतून चढणारी ओल गृहीत धरूनच बांधले पाहिजे.

आता घासण्याचा उपाय पाहू. जुन्या घराचे सागवानी दार श्रावणात चौकटीला अडते, हे प्रत्येक घराला ठाऊक होते. जाणता सुतार त्यावर लगेच रंधा चालवत नसे; दिवाळीपर्यंत थांबा, म्हणत असे. घाईने रंधलेल्या दाराला मार्चमध्ये बोटभर फट पडते. दाराबाबत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे शहाणपण जमिनीच्या बाबतीत आपण विसरलो. पावसाळ्यात कडा वर आलेल्या असताना मशीन चालवले, तर मशीन त्या कडाच खाते. पुढे खालचे अंग सुकते, फळी मूळ आकारात येऊ लागते आणि कापलेल्या कडा खाली बसून मधला भाग पोक काढतो. पन्हळ गेली, तिच्या जागी उंचवटा आला. आणि हा दोष हवा बदलल्याने जाणारा नाही, कारण लाकूडच कमी झाले आहे. पुन्हा घासायला पुरेसे लाकूडही उरेलच असे नाही. इंजिनिअर्ड फळीत खऱ्या लाकडाचा वरचा थर दोन ते सहा मिलिमीटरच असतो.

जाड पॉलिशचा भरवसाही असाच फोल आहे. पी.यू. असो वा मेलामाइन, पॉलिश सांडलेले पाणी अडवते. वाफेच्या रूपातल्या ओलाव्याची गती फक्त मंद करते. शिवाय ते वरच्या अंगालाच लागते. ओल खालून येत असताना वरची वाट बंद केली, तर खालचे अंग आणखी काळ ओले राहते. स्क्रूचे तेच. फुगलेल्या फळीला दाबून धरले तर तिच्या पेशी चेपल्या जातात, आणि सुकल्यावर ती मुळापेक्षा अरुंद होते. मग उन्हाळ्यात पडलेल्या फटींत घट्ट लांबी भरली जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात फुगायला जागा न राहिल्याने जमीन उचलली जाते. एक चुकीची दुरुस्ती अशी दुसरीला जन्म देते, आणि दोष मात्र लाकडाच्या माथी बसतो.

पूर्वपक्षात सत्याचा अंश आहे, तो मान्य केला पाहिजे. न मुरवलेले लाकूड सुकताना वेडेवाकडे होते. वार्षिक वलयांच्या दिशेने ते अरीय दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसते, त्यामुळे कच्चा माल खरोखरच वाकतो. दाबलेल्या भुशाच्या गाभ्याचे लॅमिनेट एकदा पाण्याने फुगले की पूर्ववत होत नाही. ते बदलावेच लागते. नाल्याचे घाण पाणी घरात शिरले, जीभ-खाचेचे सांधे तुटले, बुरशीने वा वाळवीने लाकूड खाल्ले, तर फळ्या काढण्यावाचून इलाज नाही. माझा विरोध दुरुस्तीला नाही, तपासणीआधीच्या दुरुस्तीला आहे.

म्हणून सिद्धान्त असा: आधी पाणी शोधा, मग ते थांबवा, मग थांबा, आणि सर्वांत शेवटी हत्यार उचला. सुया असलेल्या मॉइश्चर मीटरने फळीच्या वरच्या थरातला आणि खोलवरचा ओलावा वेगवेगळा मोजता येतो. खालचा आकडा जास्त असेल तर घासण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. स्लॅब तपासायची असेल तर दीड फूट चौरस पॉलिथिन चारही बाजूंनी चिकटवून किमान सोळा तास ठेवावे. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळसर पडले, तर ते अजून ओले आहे. गळती बंद केल्यावर स्कर्टिंग काढून हवेला वाट द्यावी, पंखा चालू ठेवावा, ए.सी.चा ड्राय मोड वापरावा. हीटरचा झोत मारू नये. वरचे अंग एकदम आकसून तडे जातात. काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेली मापे स्थिर झाली आणि दोन्ही अंगांचे आकडे जुळले, की उरलेला उंचसखलपणा घासावा. हैदराबादेत ही वेळ बहुधा डिसेंबर-जानेवारीत येते. तोवर बऱ्याच फळ्या आपणहून बसलेल्या असतात.

प्रतिबंधही याच तत्त्वातून निघतो. श्रावणातल्या गृहप्रवेशासाठी आषाढात जमीन घातली, तर फुगलेल्या फळ्या बसतात आणि उन्हाळ्यात फटी पडतात. मेमध्ये घातली, तर सुकलेल्या फळ्या पावसाळ्यात एकमेकींना ढकलतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मधला काळ सर्वांत बरा. फळ्या आधी त्याच खोलीत, गठ्ठे सोडून, हवेशी जुळू द्याव्यात. फळ्यांखाली प्लायवुडचा किंवा लाकडाचा थर असेल, तर तो आणि फळी यांच्यामधला ओलाव्याचा फरक अरुंद पट्ट्यांसाठी ४ टक्क्यांच्या आत, तीन इंच वा अधिक रुंदीच्या फळ्यांसाठी २ टक्क्यांच्या आत असावा. भिंतीपाशी आठ ते बारा मिलिमीटर जागा सोडून ती स्कर्टिंगखाली झाकावी. पोछा घट्ट पिळलेला असावा आणि कूलरचे तोंड जमिनीवर रोखू नये.

आदिलाबादच्या जंगलातला सागवान पक्का व्हायला माणसाचे सबंध आयुष्य जाते. ते लाकूड एका पावसाळ्यातल्या अर्धवट निदानावरून भुसा करून टाकणे हा अपव्यय आहे, आणि ज्या सुताराने ते बसवले त्याच्यावर अन्यायही. घासण्याचा दर सांगणाऱ्या प्रत्येकाला आधी दोन आकडे विचारावेत: फळीच्या वर किती ओल आहे आणि खाली किती? ते सांगता येत नसतील, तर त्याचे मशीन घरात येऊ देऊ नये.