शिकवणं पोचलं, परीक्षेचं काय?

यवतमाळहून धामणगावकडे जाताना बाभुळगाव लागतं. अशा तालुक्याच्या गावातल्या मुलाला इंजिनीअर व्हायचं, तर यवतमाळ, अमरावती नाहीतर पुणं गाठावं लागतं. आयआयटीचा वर्ग तर फार लांबची गोष्ट. तो वर्ग गावापर्यंत कसा आला, याला वीस-बावीस वर्षांचा इतिहास आहे.

२००३मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी 'एनपीटेल' सुरू केलं. २० सप्टेंबर २००४ला 'एज्युसॅट' हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला. पुढे यूट्यूब आलं, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि तेच तास खिशात मावू लागले.

पण व्याख्यान पाहणं म्हणजे शिकणं नव्हे. आयआयटी मुंबईच्या दीपक फाटकांनी म्हणून आधी शिक्षकांकडे लक्ष दिलं. 'दहा हजार शिक्षक' उपक्रमात देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले प्राध्यापक जवळच्या केंद्रात जमत. व्याख्यान मुंबईहून थेट येई, प्रश्न उलट मुंबईला जात आणि प्रात्यक्षिकं तिथल्या तिथेच होत. कण्णन मौद्गल्यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने दुसरी अडचण ओळखली. दहाएक मिनिटांचे धडे, मराठीतूनही, आणि इंटरनेट नसलं तरी चालणारे. धडा थांबवायचा, शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचं, मग पुढे जायचं.

मूल्यमापन मात्र मागेच राहिलं. २०१४पासून एनपीटेल प्रमाणपत्र देऊ लागलं; स्वाध्याय घरबसल्या करता येत, पण अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागे. २०२०मध्ये करोनामुळे परीक्षाच घरी आली. अनेक विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांवर अंतिम वर्ष उरकलं.

तिथे खरी गोम कळली. तुळईचं गणित घ्या. आधी आधारांवरच्या प्रतिक्रिया, मग शिअर फोर्स, मग बेंडिंग मोमेंटची आकृती. वहीतल्या गणितात शेवटचा आकडा चुकला, तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. चार पर्यायांत पायऱ्या दिसत नाहीत. अंदाजाने टिचकी मारणारा आणि घाम गाळून चुकलेला, दोघांचाही हिशेब एका आकड्यावर होतो. मुलगा कुठे अडला, हे शिक्षकाला कळतच नाही.

संगणकाने गुण झटपट मोजले, हे खरं. पण पूल बांधणाऱ्याच्या पायऱ्या कुणीतरी वाचायलाच हव्यात. तास बाभुळगावात पोचला. मुलाची वही वाचणारी नजर अजून पोचायची आहे.