मोबाइलवरील खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर

हातातल्या मोबाइलवरचा खेळ भिंतीवरच्या दूरचित्रवाणी संचावर दिसावा आणि समोर बसून बिनतारी कंट्रोलरने तो खेळता यावा, ही सोय आता महागड्या गेमिंग कन्सोलवाचूनही होऊ शकते. त्यासाठी लागणाऱ्या तीन वस्तूंपैकी फोन आणि टीव्ही बहुतेक घरांत आधीपासूनच असतात. तिसरी वस्तू, म्हणजे कंट्रोलर, बाजारात सहज मिळते. तरीही कंट्रोलर आणल्यावर अनेकांच्या पदरी निराशा येते. कधी खेळ कंट्रोलरला ओळखतच नाही, कधी फोनमधून चित्र बाहेर पडत नाही, तर कधी बटण दाबल्यावर पडद्यावरची गाडी उशिरा वळते. या तिन्ही गोष्टी पैसे खर्च करण्यापूर्वी तपासून पाहता येतात. त्या कशा, याची ही माहिती.

एक टीव्ही, अनेक फोन

पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची दोन गावे परिचित आहेत. एक बालेवाडीच्या क्रीडानगरीशेजारचे आणि दुसरे खेड तालुक्यातील, चाकण-तळेगाव रस्त्यावरचे महाळुंगे इंगळे. यांपैकी दुसरे गाव चाकण औद्योगिक पट्ट्यात येते. वाहने आणि त्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांमुळे राज्याच्या निरनिराळ्या भागांतून व परराज्यांतून आलेले अनेक तरुण या परिसरात भाड्याच्या खोल्या एकत्र घेऊन राहतात. अशा खोलीत टीव्ही असलाच तर एक असतो. फोन मात्र प्रत्येकाच्या हाती असतो. स्वतंत्र कन्सोल घेणे परवडत नाही आणि खोली बदलताना ते हलविणेही सोयीचे नसते. फोन, एक केबल आणि एक कंट्रोलर एवढे साहित्य मात्र पिशवीत मावते. म्हणूनच हा विषय मोठ्या दिवाणखान्यांपेक्षा अशा खोल्यांसाठी अधिक उपयोगाचा आहे.

बिनतारी नियंत्रणही या पट्ट्याला नवे नाही. कारखान्यांतील ओव्हरहेड क्रेन अनेक ठिकाणी रेडिओ रिमोटने चालविली जाते. रिमोटचे बटण दाबल्यावर क्रेन तत्काळ हलली पाहिजे, ही तिथली पहिली अट. खेळाच्या कंट्रोलरचीही तीच अट असते.

थोडी पूर्वपीठिका

टीव्हीवर खेळण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’ जपानमध्ये १९८३ साली आला. पुढे त्याच्या नकला भारतातील बाजारपेठांत पोहोचल्या आणि नव्वदच्या दशकात कॅसेट लावून ‘मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ खेळणारी एक पिढी घडली. त्या वेळी कंट्रोलर तारेने जोडलेला असे. निन्टेन्डोने २००२ मध्ये ‘वेव्हबर्ड’ हा रेडिओलहरींवर चालणारा कंट्रोलर आणला. २००६ मध्ये ‘वी’ आणि ‘प्लेस्टेशन ३’ यांनी ब्लूटूथचा स्वीकार केला आणि बिनतारी कंट्रोलर सर्वत्र रूढ झाला.

फोन टीव्हीला जोडण्याचे प्रयत्नही स्मार्टफोनच्या पहिल्या पिढीपासून होत आले. २००७ मध्ये बाजारात आलेला ‘नोकिया एन ९५’ केबलने टीव्हीला जोडता येत असे. २०१० च्या ‘नोकिया एन ८’मध्ये एचडीएमआयची सोय होती. अँड्रॉइड प्रणालीने २०११ मध्ये ३.१ या आवृत्तीपासून गेमपॅडला मान्यता दिली. आयफोनवर ‘प्लेस्टेशन ४’ आणि ‘एक्सबॉक्स’चे कंट्रोलर चालू लागले ते २०१९ मध्ये, आयओएस १३ पासून. आपल्याकडे रिलायन्स जिओने २०२२ मध्ये ३,४९९ रुपये किमतीचा बिनतारी गेम कंट्रोलर आणला. तो त्यांच्या सेट-टॉप बॉक्ससाठी होता आणि अन्य अँड्रॉइड उपकरणांवरही चालत असे.

चित्र टीव्हीपर्यंत कसे पोहोचते?

याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग तारेचा. फोनच्या यूएसबी-सी खाचेत एक छोटा जोड बसवून त्यातून एचडीएमआय केबल टीव्हीला लावायची. चित्र स्वच्छ दिसते आणि वाटेत होणारा विलंब जवळजवळ नगण्य असतो. मात्र येथेच सर्वांत मोठी फसगत होते. खाच यूएसबी-सी आकाराची आहे म्हणून तिच्यातून चित्र बाहेर येईलच, असे नाही. त्यासाठी फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही सोय असावी लागते. सॅमसंगच्या एस मालिकेत २०१७ च्या एस ८ पासून, आयफोनमध्ये २०२३ च्या आयफोन १५ पासून आणि गूगलच्या पिक्सेलमध्ये ८ व्या पिढीपासून ती आढळते. स्वस्त व मध्यम किमतीच्या बहुसंख्य फोनांत मात्र ती नसते. फोनच्या माहितीपत्रकात नुसते ‘यूएसबी २.०’ लिहिले असेल, तर साधा जोड विकत घेऊन उपयोग होणार नाही, असे समजावे.

दुसरा मार्ग बिनतारी. अँड्रॉइड फोनांत तो ‘स्क्रीन कास्ट’, ‘स्मार्ट व्ह्यू’ किंवा ‘वायरलेस डिस्प्ले’ अशा नावांनी असतो. त्यामागे बहुधा २०१२ मध्ये आलेले ‘मिराकास्ट’ हे तंत्र किंवा गूगलचे ‘कास्ट’ हे तंत्र असते. आयफोनसाठी ‘एअरप्ले’ असते. गूगलचे ‘क्रोमकास्ट’ हे २०१३ मधले छोटे उपकरण याच कामासाठी लोकप्रिय झाले. २०२४ मध्ये त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. या मार्गाला वेगळा जोड लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. परंतु फोन आपल्या पडद्याचे चित्र टिपतो, ते दाबून लहान करतो, वायफायवरून पाठवितो आणि टीव्ही ते पुन्हा उलगडतो. या प्रत्येक पायरीला वेळ लागतो.

तिसरा मार्ग फोनलाच बाजूला ठेवण्याचा. टीव्ही अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही प्रणालीचा असेल, तर काही खेळ थेट टीव्हीवरच उतरवून घेता येतात आणि कंट्रोलर टीव्हीशी जोडता येतो. यात चित्र पाठविण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र टीव्हीमधील प्रोसेसर बहुधा फोनपेक्षा दुबळा असतो आणि टीव्हीसाठी उपलब्ध असलेले खेळही मोजकेच असतात.

विलंब म्हणजे नेमके किती?

बहुतेक खेळांत चित्र सेकंदाला ३० किंवा ६० वेळा बदलते. ६० चा वेग धरला तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. तारेच्या जोडणीत फार तर अशा एक-दोन चित्रांचा उशीर होतो आणि तो जाणवत नाही. बिनतारी जोडणीत हा विलंब १०० मिलिसेकंदांच्या वरही सहज जातो.

क्रिकेटचे उदाहरण घेऊ. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर अंतर कापतो. म्हणजे गोलंदाजाच्या हातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत यायला त्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. पडद्यावरचे चित्र १५० मिलिसेकंद मागे असेल, तर चेंडू जिथे दिसतो त्याच्या जवळजवळ ६ मीटर पुढे तो आलेला असतो. अशा वेळी फटका चुकणारच. त्यामुळे शर्यती, नेमबाजी, मारामारी व क्रिकेटचे खेळ बिनतारी जोडणीवर खेळण्यात हशील नाही. बुद्धिबळ, लुडो, कॅरम, कोडी अथवा शेती व नगररचनेचे खेळ मात्र सुखाने खेळता येतात.

विलंबात टीव्हीचाही वाटा असतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर येणारा संकेत तसाच पडद्यावर उमटत असे. म्हणूनच कॅसेटचे खेळ त्यावर चपळ वाटत. आजचे संच आलेले चित्र आधी साठवून त्याचे रंग, कडा आणि हालचाल सुधारतात व मगच दाखवितात. चित्रपटासाठी ते ठीक, खेळासाठी अडचणीचे. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमधील ‘गेम मोड’ सुरू करावा. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ या मानकात हा बदल आपोआप करण्याची सोय आहे. जुन्या संचांत तो हाताने करावा लागतो.

विलंब मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. फोनवर स्टॉपवॉच सुरू करून तो पडदा टीव्हीवर पाठवावा आणि दुसऱ्या फोनने दोन्ही पडद्यांचे एकत्र छायाचित्र काढावे. दोन्ही आकड्यांत जो फरक दिसेल, तोच आपल्या घरातला विलंब. असे तीन-चार वेळा करून सरासरी घ्यावी.

खेळ कंट्रोलर स्वीकारतो का?

कंट्रोलर फोनशी जोडला गेला, म्हणजे तो प्रत्येक खेळात चालेल, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. ती सोय खेळ बनविणाऱ्याने खेळातच करून ठेवावी लागते. ‘कॉल ऑफ ड्यूटी : मोबाइल’, ‘माइनक्राफ्ट’, ‘स्टारड्यू व्हॅली’ आणि ‘अ‍ॅस्फाल्ट’ मालिकेतील खेळ कंट्रोलर ओळखतात. ‘कॉल ऑफ ड्यूटी’मध्ये तर कंट्रोलरवाल्यांची गाठ कंट्रोलरवाल्यांशीच घातली जाते, जेणेकरून बोटांनी खेळणाऱ्यांवर अन्याय होऊ नये. याउलट आपल्याकडे अतिशय लोकप्रिय असलेला ‘बीजीएमआय’ अधिकृतपणे कंट्रोलर स्वीकारत नाही. बटणांचे रूपांतर पडद्यावरील स्पर्शात करणारी काही अ‍ॅप्स मिळतात. परंतु ती वापरल्यास खाते बंद होण्याची जोखीम असते. महिनोन् महिने खपून मिळविलेले गुण व पोशाख त्यापायी गमावणे शहाणपणाचे नव्हे.

कंट्रोलर घेताना तो ब्लूटूथचा आहे की स्वतःच्या वेगळ्या रेडिओ जोडणीचा, हे पाहावे. दुसऱ्या प्रकारात एक छोटा रिसीव्हर फोनला लावावा लागतो. फोनची एकमेव खाच चित्राच्या केबलने व्यापलेली असेल, तर त्याला जागा उरत नाही. म्हणून तारेने चित्र नेणाऱ्यांनी ब्लूटूथचाच कंट्रोलर घ्यावा. घरात ‘प्लेस्टेशन ४’ किंवा ‘एक्सबॉक्स’चा ब्लूटूथ कंट्रोलर आधीच असेल, तर नवा घेण्याची गरजही नाही.

दाट वस्तीतील अडचणी

ब्लूटूथ आणि जुने वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. वायफायच्या या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या अवघ्या तीन. लागून लागून असलेल्या दहा खोल्यांत दहा राउटर असतील, तर त्यांची दाटी होते. ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलून गर्दीतून वाट काढतो, त्यामुळे कंट्रोलर सहसा टिकाव धरतो; अडखळते ते वायफायवरून जाणारे चित्र. उपाय म्हणजे राउटर, फोन आणि टीव्ही तिन्ही ५ गिगाहर्ट्झवर आणणे. या पट्ट्याचा मोठा भाग भारतात २०१८ मध्ये परवानामुक्त झाला आहे.

दुसरी बाब पडद्याच्या आकाराची. टीव्हीची रुंदी व उंची १६:९ या प्रमाणात असते. आजचे फोन मात्र २०:९ इतके लांबट असतात. परिणामी फोनचे चित्र टीव्हीच्या उंचीचा सुमारे ८० टक्के भागच व्यापते आणि वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात. हा बिघाड नव्हे.

तिसरी बाब खासगीपणाची आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. फोनचा पडदा टीव्हीवर गेला, की बँकेचा ओटीपी, घरून आलेला निरोप, पगाराचा संदेश सारेच खोलीभर दिसते. खेळण्यापूर्वी ‘डू नॉट डिस्टर्ब’ सुरू करावे आणि संदेशांचा मजकूर लपविण्याची सोय वापरावी. शक्य असल्यास जुना, सिमकार्ड नसलेला फोन खेळासाठी वेगळा ठेवावा. दीर्घकाळ खेळताना फोन तापतो व बॅटरी उतरते. तेव्हा चार्जिंगची खाच असलेला जोड घेणे श्रेयस्कर. आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असली, की टीव्ही निमूट असतो. खेळ पुन्हा तळहातावर येतो.

खेळ सर्वांसमोर

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरविणे व त्यांची जाहिरात करणे यांना तो मनाई करतो. ई-स्पोर्ट्सना मात्र उत्तेजन देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, २०२२ पासून अमलात आलेल्या ११ व्या आवृत्तीत, खेळाच्या अनावर नादाची नोंद ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणून आहे. टीव्हीच्या पडद्याने यांतला कोणताही धोका नाहीसा होत नाही. पण फोनवर कोण काय खेळतो आहे आणि किती वेळ, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. टीव्हीवर ते सर्वांना दिसते. मुलाच्या हातातला खेळ वडिलांना पाहता येतो, खोलीतल्या चौघांना पाळीपाळीने कंट्रोलर हाती घेता येतो आणि रात्रपाळीहून आलेल्याला झोपायचे असेल तर खेळ थांबविण्याची बोलणीही समोरासमोर होतात.

खरेदीपूर्वीची तपासणी

१) आपला आवडता खेळ कंट्रोलर स्वीकारतो का, हे खेळाच्या सेटिंगमध्ये पाहावे. स्वीकारत नसेल तर पुढे जाऊच नये.

२) फोनच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउट’चा उल्लेख शोधावा. असल्यास तारेचा मार्ग निवडावा.

३) तो नसल्यास बिनतारी जोडणी करून स्टॉपवॉचने विलंब मोजावा. तो १०० मिलिसेकंदांहून अधिक भरला, तर चपळाईचे खेळ फोनवरच खेळावेत.

४) टीव्हीत ‘गेम मोड’ आहे का, हे पाहावे आणि तो सुरू करून पुन्हा मोजावे.

५) एवढे झाल्यावरच कंट्रोलर घ्यावा, तोही शक्यतो मित्राचा मागून एकदा जोडून पाहिल्यानंतर.

पहिल्या चार पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही. खर्च आहे तो पाचव्या पायरीला, आणि तो सार्थकी लागणार की नाही हे तोवर कळलेले असते.