लाल डिझेलची करचोरी

शेतीच्या नांगरटीसाठी वापरले जाणारे डिझेल आणि महामार्गावरील मालमोटारीत जळणारे डिझेल यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. फरक असतो तो करात. अनेक देशांनी शेतकऱ्याला, मच्छीमाराला किंवा घर उबदार ठेवणाऱ्या सामान्य नागरिकाला इंधन स्वस्त मिळावे म्हणून त्यावरील कर कमी केला. रस्ता वापरणाऱ्या वाहनाने मात्र पूर्ण कर भरावा, असा दंडक ठेवला. एकाच वस्तूच्या दोन किमती झाल्या की स्वस्त वस्तू महाग बाजारात जाऊ पाहते. ती जाऊ नये म्हणून सरकारांनी त्या इंधनात रंग मिसळला. ब्रिटनमध्ये हा रंग लाल आहे, आयर्लंड प्रजासत्ताकात हिरवा. भारतात शिधापत्रिकेवरील रॉकेल निळे केले गेले, त्यामागील कल्पनाही हीच.

ब्रिटनमधील व्यवस्था या प्रकारातील नमुनेदार मानली जाते. १९७९ च्या हायड्रोकार्बन तेल शुल्क कायद्यानुसार तेथे सवलतीचे डिझेल विकले जाते आणि लोक त्याला सरळ 'रेड डिझेल' म्हणतात. २०११ पासून मार्च २०२२ पर्यंत रस्त्यावरील डिझेलवर लिटरमागे ५७.९५ पेन्स शुल्क होते, तर लाल डिझेलवर ११.१४ पेन्स. म्हणजे दर लिटरला जवळजवळ ४७ पेन्सचा फरक. मालमोटारीच्या ४०० लिटरच्या टाकीत एकदा लाल डिझेल भरले की सुमारे १८७ पौंड वाचतात. आठवड्यातून दोन-तीनदा टाकी भरणाऱ्या वाहतूकदाराला हा मोह किती मोठा असेल, हे सांगण्याची गरज नाही. जो प्रामाणिकपणे पूर्ण कर भरतो त्याला भाड्याच्या दरात अशा स्पर्धकाशी टक्कर देणे जवळपास अशक्य होते. या चोरीचा पहिला बळी सरकारी तिजोरी नसून शेजारचा वाहतूकदार असतो, ही बाब चर्चेत सहसा मागे पडते.

शेतकऱ्याचे वाहन कधी तरी रस्त्यावर येणारच, हे कायद्यानेही मानले आहे. ट्रॅक्टर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना सार्वजनिक रस्ता ओलांडतो, कुंपणाची झुडपे छाटतो, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारतो. अशा कामांना मुभा आहे. शेतीच्या काही वाहनांना एकाच मालकाच्या दोन जमिनींमधील दीड किलोमीटरपर्यंतचा रस्ता वापरता येतो, अशीही एक तरतूद होती. परंतु नियमाची सीमारेषा जितकी बारीक, तितकी ती पुसण्याची सोय अधिक. शेतमाल बाजारात नेणारा ट्रॅक्टर शेतीचे काम करतो की मालवाहतुकीचे, या प्रश्नावर तेथील शेतकरी आणि कर अधिकारी यांचे वाद अनेक वर्षे चालले.

टाकीत बुडणारी नळी

तपासणीचे काम महसूल व सीमाशुल्क विभागाची इंधन चाचणी पथके करतात. रस्त्याच्या कडेला, पशुबाजाराच्या आवारात किंवा मालमोटारींच्या तळावर पथक उभे राहते, टाकीत नळी सोडून नमुना घेते आणि जागेवरच पाहते. लाल रंग डोळ्यांना दिसतोच. पण केवळ रंगावर विसंबून चालत नाही, म्हणून इंधनात 'मार्कर' म्हणजे ओळख पटवणारी द्रव्येही असतात. त्यांपैकी क्विनिझारिन हे अल्कलीच्या संपर्कात जांभळी छटा देते. 'सॉल्व्हंट यलो १२४' हे दुसरे द्रव्य युरोपीय संघाने २००२ पासून सर्व सदस्य देशांसाठी समान केले. लिटरमागे अवघे सहा ते नऊ मिलिग्रॅम एवढ्या प्रमाणात ते असे आणि आम्लाशी संयोग होताच लाल होई. त्यामुळे साध्या डिझेलमध्ये थोडेसे लाल डिझेल मिसळले, रंग फिका पडला, तरी पकडले जाण्याची शक्यता उरते. पकडलेले वाहन जप्त होऊ शकते. ते सोडवून घेण्यासाठी थकलेला कर आणि दंड भरावा लागतो.

अमेरिकेतही रस्त्याव्यतिरिक्त वापराचे करमुक्त डिझेल लाल रंगाचे असते. रंगाचा हा नियम ऑक्टोबर १९९३ मध्ये लागू झाला आणि त्याचा परिणाम अर्थशास्त्रज्ञांसाठी अभ्यासाचा विषय ठरला. जस्टिन मॅरियन आणि एरिक म्युलेगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, नियमानंतर करपात्र डिझेलची विक्री २६ टक्क्यांनी वाढली आणि घरे तापवण्याच्या करमुक्त तेलाची विक्री जवळजवळ तेवढीच घटली. अमेरिकेत एका रात्रीत २६ टक्के जास्त मालमोटारी धावू लागल्या नव्हत्या, की हिवाळाही एकाएकी सौम्य झाला नव्हता. जे तेल कागदोपत्री घराच्या भट्टीत जळत होते, ते प्रत्यक्षात महामार्गावर जळत होते, एवढाच याचा अर्थ. चोरीचे मोजमाप इतके स्वच्छ हाती लागण्याची उदाहरणे विरळा.

आयर्लंडच्या सीमेवर

या गैरव्यवहाराचे सर्वांत कुरूप रूप आयर्लंड बेटावर दिसले. बेटाच्या उत्तर भागात ब्रिटनचा कायदा आणि लाल डिझेल, तर दक्षिणेस प्रजासत्ताकाचा कायदा आणि हिरवे डिझेल. मधली सीमा शेतांतून, ओढ्यांतून आणि लहान रस्त्यांतून जाते. दोन्ही बाजूंचे करदर वेगळे, चलन वेगळे, पोलीस वेगळे. दक्षिण आर्माघ आणि लाउथ या सीमावर्ती भागांत इंधनाची तस्करी जुनीच होती. पुढे तिचा उद्योग बनला. आडबाजूच्या गोठ्यात किंवा गोदामात सवलतीचे डिझेल आणायचे, आम्ल किंवा रंग शोषणारी माती वापरून त्यातील रंग व मार्कर काढायचे आणि ते 'धुतलेले' डिझेल साध्या पंपांवरून पूर्ण किमतीला विकायचे, असा हा व्यवहार. ग्राहकाला आपण चोरीचा माल घेत आहोत याचा पत्ताही नसे. त्याला कळे ते गाडीचा इंधनपंप निकामी झाल्यावर.

२००४ ते २०११ या काळात उत्तर आयर्लंडमधील शांतता कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र निरीक्षण आयोगाने आपल्या अहवालांत इंधन-तस्करीचा संबंध निमलष्करी गटांच्या उत्पन्नाशी जोडला होता. शस्त्रे खाली ठेवली गेली, तरी शस्त्रांच्या आधारे उभे राहिलेले धंदे सहजासहजी बंद होत नाहीत.

धुलाईनंतर उरणारा आम्लयुक्त गाळ हा स्वतंत्र प्रश्न होता. तो कोणत्याही अधिकृत कचरा केंद्रावर नेणे म्हणजे गुन्ह्याची कबुलीच. म्हणून मोठ्या प्लास्टिक टाक्यांत किंवा पिंपांत भरून तो रात्री रस्त्याच्या कडेला, माळावर, ओढ्याकाठी टाकून दिला जाई. लाउथ आणि मोनाहन परिसरातील स्थानिक प्रशासनांना वर्षानुवर्षे हा गाळ उचलावा लागला. कराचा पैसा एकदा चोरीत गेला आणि दुसऱ्यांदा त्या चोरीची घाण काढण्यात. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांजवळ टाकलेल्या गाळाची धास्ती वेगळीच.

अखेर दोन्ही देशांच्या कर यंत्रणांनी एकत्र येऊन नवा मार्कर शोधला. 'ॲक्युट्रेस एस-१०' नावाचे हे द्रव्य १ एप्रिल २०१५ पासून दोन्हीकडच्या सवलतीच्या इंधनात मिसळले जाऊ लागले. ते नेहमीच्या धुलाईने निघत नाही. त्यानंतर बेकायदा इंधनाचा व्यापार लक्षणीय घटल्याचे दोन्ही यंत्रणांनी सांगितले. युरोपीय संघानेही २०२२ मध्ये जुन्या पिवळ्या द्रव्याऐवजी याच कुळातील नवा मार्कर स्वीकारण्याचा निर्णय घेतला.

निळ्या रॉकेलचे भारतीय प्रकरण

भारतात शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी वेगळे स्वस्त डिझेल नाही. तो इतर सर्वांप्रमाणे पंपावरील भावानेच ते विकत घेतो. येथे किमतीची दरी होती ती रॉकेल आणि डिझेल यांच्यात. २०१० च्या जून महिन्यातील दरवाढीनंतरही दिल्लीत शिधापत्रिकेवरील रॉकेल लिटरला सुमारे १२ रुपये, तर डिझेल सुमारे ३८ रुपये होते. लाल डिझेल निदान डिझेल तरी असते. रॉकेल मात्र पातळ, कमी वंगण देणारे, आणि डिझेलमध्ये मिसळले तर इंधनपंप व इंजेक्टर झिजवणारे. ब्रिटनमधील फसवणुकीत सरकारचा कर बुडतो. भारतातील फसवणुकीत झोपडीतला कंदील आणि स्टोव्हही विझत होता. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २००५ मधील पाहणीत सार्वजनिक वितरणाच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के रॉकेल अन्यत्र वळवले जात असल्याचा अंदाज मांडला होता.

हे रॉकेल अडवू पाहणाऱ्यांनी त्याची किंमत जिवाने मोजली. इंडियन ऑइलचे विक्री अधिकारी एस. मंजुनाथ यांची १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात हत्या झाली. भेसळीबद्दल त्यांनी पंपावर कारवाई केली होती. त्या प्रकरणातील दोषींची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली. महाराष्ट्र हादरला तो २५ जानेवारी २०११ रोजी. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाची भेसळ उघडकीस आणताना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत आणि तेथून निघणारे टँकर राज्यभर जातात. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. त्यानंतर राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध नोंदवला, ठिकठिकाणी छापे पडले. छापे काही दिवसांत ओसरले. किमतीची दरी मात्र जशीच्या तशी राहिली.

तंत्रज्ञानाचा मार्ग भारतानेही चोखाळला होता. ऑक्टोबर २००६ पासून रॉकेलमध्ये मार्कर मिसळण्यास सुरुवात झाली, पण तो काढून टाकता येतो अशा तक्रारी आल्या आणि २००८ च्या अखेरीस ही योजना गुंडाळण्यात आली. आयर्लंडमध्ये जुना मार्कर हरल्यावर दोन सरकारांनी मिळून दुसरा आणला; येथे पहिला हरल्यावर पुन्हा निळ्या रंगावरच भिस्त ठेवली गेली.

अखेर दरी बुजली ती पोलिसांमुळे नव्हे, भावामुळे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. जुलै २०१६ पासून रॉकेलचा भाव टप्प्याटप्प्याने २५-२५ पैशांनी वाढू लागला, त्याच वर्षी उज्ज्वला योजनेतून गॅस जोडण्या वाढल्या आणि मार्च २०२० पर्यंत रॉकेलवरील अनुदान संपले. मनमाडच्या घटनेनंतर नऊ वर्षांनी. हा मार्ग २०११ पूर्वी धरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. गॅस न पोचलेल्या दुर्गम घरांना मात्र हेच धोरण महागात पडले, हेही नाकारता येत नाही.

रंग की परतावा?

सवलत द्यायची आणि तिची गळतीही रोखायची, तर दुसरी पद्धत परताव्याची. यात इंधनाला दोन किमती ठेवल्याच जात नाहीत. शेतकरी पूर्ण भावाने डिझेल घेतो आणि नंतर कराचा काही भाग परत मागतो. जर्मनीत अनेक वर्षे लिटरमागे २१.४८ सेंट असे परत मिळत. तेथे शेतीच्या डिझेलला रंग नाही, त्यामुळे धुण्याजोगे काही नाही. फसवणूक होते ती अर्जात, लिटरांच्या आकड्यांत. ती तपासण्यासाठी टाकीत नळी घालावी लागत नाही, जमिनीचे क्षेत्र आणि खरेदीची बिले पाहावी लागतात. बिहारमध्ये सिंचनाच्या डिझेलचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची योजना याच विचाराची.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मच्छीमारांना यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील विक्रीकराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळतो. या पद्धतीचा दोष कोळीवाड्यांत कोणालाही विचारावा: पैसे आधी भरावे लागतात आणि परतावा येतो तो सरकारच्या सवडीने. परताव्याची थकबाकी ही संस्थांच्या बैठकांतील कायमची तक्रार आहे. रंगाच्या पद्धतीत चोराला संधी मिळते, परताव्याच्या पद्धतीत प्रामाणिक माणसाचे भांडवल अडकते. श्रीमंत देशातील मोठ्या शेतकऱ्याला हे सोसते. हंगामाच्या सुरुवातीला उसनवारीवर बोट समुद्रात लोटणाऱ्याला ते जड जाते.

ब्रिटनने तिसरा मार्ग म्हणून सवलतीचे क्षेत्रच आक्रसले. लाल डिझेल देशातील एकूण डिझेलच्या सुमारे १५ टक्के होते आणि त्यावरील सवलतीपोटी वर्षाला अंदाजे २.४ अब्ज पौंड सोडले जात, असे सरकारने २०२० च्या अर्थसंकल्पावेळी सांगितले. १ एप्रिल २०२२ पासून बांधकाम, खाणकाम यांसारख्या उद्योगांचा लाल डिझेलचा हक्क संपला. शेती, वनीकरण, मत्स्यशेती आणि रेल्वे यांचा राहिला. बांधकामाच्या आवारात लाल डिझेल असणे पूर्वी संशयास्पद नव्हते. आता तेथे ते सापडणे हाच पुरावा ठरू शकतो.

शेतकऱ्याच्या सवलतीला हात लावणे मात्र कोणत्याही सरकारला सोपे गेलेले नाही. जर्मन सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये ती काढण्याचे जाहीर करताच जानेवारी २०२४ मध्ये ट्रॅक्टरांच्या रांगांनी बर्लिन अडवले. सरकारने ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरवले आणि २०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने ती पूर्ववत करण्याचा करार केला. फ्रान्समध्ये शेतीच्या डिझेलवरील प्रस्तावित करवाढ पंतप्रधान गाब्रिएल अताल यांनी २६ जानेवारी २०२४ रोजी, आंदोलक शेतकऱ्यांसमोर, मागे घेतली.