आंतरपटल संकुल : हिवतापाच्या परजीवीतील प्रथिनांचा समीप-चिन्हांकनाने शोध

हिवतापाच्या परजीवीच्या बाह्य आवरणाला आतून लागून असलेल्या चपट्या पिशव्या आणि त्यांना आधार देणारे प्रथिनांचे जाळे मिळून होणाऱ्या रचनेस आंतरपटल संकुल म्हणतात. तांबड्या पेशीत शिरताना परजीवीला बळ देणारी मायोसिनची यंत्रणा याच रचनेवर रोवलेली असते, आणि विभाजनसमयी कन्यापेशींचा साचाही हीच घडवते. सोलापुरातल्या हिवताप-तपासनीसाने गिम्सा रंगाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरावी आणि तीत फाल्सिपेरम या परजीवी-जातीची चंद्रकोरीच्या आकाराची पेशी दिसावी, की निदानास दुसऱ्या दाखल्याची गरज उरत नाही. पण त्या चंद्रकोरीला बाक देणारे हे पटल त्याच्या भिंगातून कधीच दिसत नाही. लावेराँ यांनी १८८० साली अल्जीरियात आणि पुढे काही वर्षांनी मुंबई इलाख्यात हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी हे परजीवी पाहिले, तेव्हाही आकारच नजरेस आला, त्याचे कारण नव्हे.

या रचनेतील प्रथिने हुडकणे फार जिकिरीचे असते. पेशी सौम्य द्रव्याने फोडली तर जाळे विरघळत नाही, आणि उग्र द्रव्य वापरले तर प्रथिनांमधले नाजूक बंध तुटून कोण कोणाच्या शेजारी होते याचा पुरावाच नष्ट होतो. समीप-चिन्हांकनात ही अडचण मोठ्या चातुर्याने टाळली आहे : संकुलातल्या एका परिचित प्रथिनाला बायोटिन चिकटवणारे विकर जोडून दिले, की ते जिवंत पेशीतच सुमारे दहा नॅनोमीटरच्या टापूतील शेजाऱ्यांवर बायोटिनचा शिक्का मारते. शिक्का एकदा पक्का बसल्यावर पेशी कितीही कठोरपणे फोडली तरी हरकत नाही, कारण स्ट्रेप्टॅव्हिडिनने शिक्क्याची प्रथिने वेचून वस्तुमान-वर्णपटमापकाने त्यांची नावे लावता येतात.

बायो-आयडी नावाची ही रीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये हिवतापाच्या परजीवीचा नातलग टॉक्सोप्लाझ्मा याच्या संकुलातली अनेक नवी प्रथिने तिने उजेडात आणली, आणि पुढे हाच मार्ग फाल्सिपेरमच्या अभ्यासकांनीही धरला. २०१८ मध्ये आलेल्या टर्बो-आयडी या तिच्या सुधारित रूपाने तासांचे काम मिनिटांवर आणले.

मात्र शिक्का हा शेजाराचा पुरावा आहे, सभासदत्वाचा नव्हे. जवळून जाणाऱ्या प्रथिनावरही तो उमटतो. म्हणून प्रत्येक उमेदवाराला प्रकाशमान खूण लावून त्याचा मुक्काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि त्याचे जनुक निकामी करून परिणाम तपासल्याशिवाय त्याला संकुलातील प्रथिन म्हणणे योग्य नाही.